एकाच तारेतून वीज आणि निरोप
तळवडे गट कार्यालयातील पीओई स्विच : मांडणी, निगा आणि बिघाड शोधण्याची रीत

— ऊस विकास अधिकारी



या पानावर आम्ही एरवी बेणेप्रक्रिया, खताच्या मात्रा, हुमणीचा बंदोबस्त, खोडवा व्यवस्थापन अशा विषयांवर लिहीत असतो. या अंकातला विषय जरा वेगळा वाटेल. पण गेल्या वर्षभरात गटागटांतून आम्हाला जे प्रश्न विचारले गेले, त्यांत पाण्याच्या पाळीखालोखाल प्रश्न होता तो कॅमेऱ्याचा आणि नेटचा. "साहेब, विहिरीवर कॅमेरा बसवला, दिवसा दिसतं आणि रात्री बंद पडतं," ही तक्रार तर आम्ही किती ठिकाणी ऐकली ते सांगता येत नाही. म्हणून तळवडे गट कार्यालयात जी मांडणी केली आहे तिच्या आधाराने हा विषय सविस्तर देत आहोत.

हा विषय शेतकऱ्याचा कसा?

तळवडे म्हणजे इंद्रायणीकाठचे गाव. १९९७ साली ते पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेले. एका बाजूला चिखलीचे कारखाने, दुसऱ्या बाजूला आयटी पार्क, आणि मध्ये नदीच्या कडेने राहिलेली आपली मळई. क्षेत्र कमी झाले, पण जे आहे ते चांगल्या पाण्याचे आणि चांगल्या उताऱ्याचे आहे. ते टिकवायचे तर तीन गोष्टी वेळेवर व्हाव्या लागतात.

पहिली गोष्ट ऊसनोंद. जुलै-ऑगस्टची आडसाली, ऑक्टोबर-नोव्हेंबरची पूर्वहंगामी आणि त्यापुढची सुरू, या प्रत्येक लागणीची नोंद आता संगणकावर होते आणि तोडणीचा क्रम लागणीच्या तारखेवर व जातीवर ठरतो. नोंदीच्या गर्दीत चार दिवस नेट बंद पडले तर सभासदाला हेलपाटे होतात, आणि नोंद लांबली की पुढे तोडणीच्या वेळी वादाला तोंड फुटते. दुसरी गोष्ट खत. अनुदानाचे खत आता पॉस यंत्रावर अंगठा लावल्याशिवाय मिळत नाही, आणि यंत्राला नेट लागते. तिसरी गोष्ट राखण. विहिरीवरची तांब्याची केबल, स्टार्टर, गोदामातली पोती यांच्यावर डोळा ठेवणारे लोक काही कमी नाहीत.

या तिन्ही गोष्टींच्या तारा गट कार्यालयात एकाच छोट्या पेटीत येऊन मिळतात. ती पेटी म्हणजे स्विच. पाटाच्या तोंडाशी जशी वाटपाची कुंडी, तसा हा स्विच. कुंडी फुटली की साऱ्या सऱ्या कोरड्या. म्हणून ती कशी बांधायची आणि फुटली तर कुठे बघायचे, हे लिपिकाइतकेच सभासदांनाही ठाऊक असावे असे आम्हाला वाटते.

पीओई म्हणजे काय?

आपल्यातल्या जुन्या मंडळींना डायल फिरवायचा काळा टेलिफोन आठवत असेल. गावातले दिवे गेले तरी तो फोन चालायचा. कारण त्याला लागणारी वीज घरातल्या खटक्यातून येत नव्हती, ती टेलिफोन केंद्रातल्या ४८ व्होल्टच्या बॅटरीतून त्याच तारेने यायची. आवाजही त्याच तारेने, वीजही त्याच तारेने. पीओईमध्ये तेच तत्त्व संगणकाच्या केबलला लावले आहे. केबलीत आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. त्यांतूनच माहिती जाते आणि त्यांतूनच साधारण ५० व्होल्टची डीसी वीज जाते. त्यामुळे गोदामाच्या कोपऱ्यातल्या कॅमेऱ्यासाठी वेगळे वायरिंग, प्लग, अडॅप्टर काही लागत नाही. एक केबल नेली की काम झाले.

संगणक जोडण्याची इथरनेट ही पद्धत अमेरिकेत १९७३ साली निघाली. तिच्यातून वीज देण्याचे पहिले सर्वमान्य मानक २००३ साली आले, त्याला ८०२.३ एएफ म्हणतात. त्यात एका पोर्टातून १५.४ वॅट निघतात आणि दूरच्या टोकाला १२.९५ वॅटची हमी मिळते. मधले कुठे गेले? तारेत. हिशेब सोपा आहे. कमीत कमी ४४ व्होल्ट, ०.३५ अँपिअर, गुणाकार १५.४ वॅट. तारेचा विरोध जास्तीत जास्त २० ओहम धरला तर ०.३५ चा वर्ग गुणिले २० म्हणजे २.४५ वॅट तारेतच उष्णता होऊन जातात. उरले १२.९५. ठिबकच्या लांब नळीत शेवटच्या ड्रिपरला दाब कमी मिळतो तसेच हे आहे.

पुढे २००९ साली ३० वॅटचे ८०२.३ एटी हे मानक आले (टोकाला २५.५ वॅट) आणि २०१८ साली ८०२.३ बीटी, ज्यात पोर्टामागे ६० व ९० वॅटपर्यंत मजल गेली. आपल्या कामाला पहिली दोन पुरेशी आहेत. साधा स्थिर कॅमेरा एएफवर चालतो. गोल फिरणारा, दूरचे जवळ आणणारा कॅमेरा असेल तर एटी लागते.

आधी पासबुक, मग पोते

चांगला पीओई स्विच तार जोडल्याबरोबर वीज सोडत नाही. आधी तो १० व्होल्टच्या आतला अगदी हलका दाब देऊन पलीकडे काय आहे ते तपासतो. पीओईच्या उपकरणात सुमारे २५ हजार ओहमची एक खूण असते. ती खूण पटली, मग गरज किती ते विचारतो आणि नंतरच पूर्ण वीज सोडतो. आपण गोदामात पासबुक बघितल्याशिवाय पोते देत नाही, तसाच हा कारभार. यामुळे त्याच पोर्टात साधा संगणक किंवा प्रिंटर लावला तरी तो जळत नाही. खूण नाही म्हणून वीजही नाही.

पण बाजारात दुसराही प्रकार मिळतो. स्वस्त, आणि काही विचारपूस न करता २४ किंवा ४८ व्होल्ट सरळ तारेत ढकलणारा. त्याला पॅसिव्ह म्हणतात. त्यात भलते उपकरण लावले तर ते जळण्याचा धोका राहतो. खरेदी करताना खोक्यावर "८०२.३ एएफ / एटी" हे शब्द छापलेले आहेत का ते बघा. नुसते "पीओई" लिहिले असेल तर दुकानदाराला स्पष्ट विचारा आणि बिलावर लिहून घ्या.

पंपाची ताकद आणि नळ्यांचा हिशेब

सर्वांत जास्त फसगत होते ती इथे. आठ पोर्टांचा स्विच म्हणजे आठ ठिकाणी पूर्ण वीज, असे नसते. प्रत्येक पोर्टाची मर्यादा वेगळी आणि सगळ्या स्विचची मिळून मर्यादा वेगळी. पाच अश्वशक्तीच्या पंपावर दहा एकराचे ठिबक एकदम उघडले तर काय होईल? तसेच.

तळवडे गट कार्यालयाचा हिशेब नमुन्यासाठी देतो. आकडे उपकरणांच्या पट्टीवरचे म्हणजे जास्तीत जास्त गरजेचे आहेत.

स्थिर कॅमेरे ४, प्रत्येकी ९ वॅट : ३६ वॅट
वाय-फायची टोपी १ : १३ वॅट
फाटकावरचा फिरता कॅमेरा १ : २४ वॅट
एकूण : ७३ वॅट

याला दुकानात ६५ वॅटचा आठ पोर्टी स्विच सुचवण्यात आला होता. पोर्ट पुरतात, वीज पुरत नाही. गंमत अशी की दिवसा तो चालला असता. दिवसा कॅमेऱ्याचे काळोखात बघण्याचे दिवे बंद असतात, फिरत्या कॅमेऱ्याची मोटरही कमी चालते, त्यामुळे सगळ्यांची मिळून गरज चाळीस वॅटच्या आसपास राहते. दिवेलागणीला सगळे दिवे एकदम लागतात आणि मागणी ६५ च्या वर जाते. मग स्विच एखादे पोर्ट आपणहून बंद करतो. आणि चोर काही दुपारी येत नाही!

आपण १२० वॅटचा स्विच घेतला. नियम असा लक्षात ठेवा : सगळ्या उपकरणांची बेरीज स्विचच्या एकूण वॅटच्या पाऊण हिश्शाच्या आत असावी. पुढे एखादा कॅमेरा वाढला तरी मग चिंता नाही. आणि सगळ्याच पोर्टांतून वीज निघते असेही समजू नका. शेवटची एक-दोन पोर्टे राउटर व मुद्रण यंत्राकडे, म्हणजे कॅमेऱ्याचे चित्र साठवणाऱ्या पेटीकडे जाण्यासाठी असतात, त्यांतून बहुधा वीज मिळत नाही.

केबल : तांबे आणि तांब्याचा मुलामा

ऊस चांगला यायचा तर बेणे चांगले हवे. इथे केबल म्हणजे बेणे. पेटी कितीही चांगली आणा, केबल हलकी असेल तर सगळे व्यर्थ.

बाजारात दोन प्रकारची केबल मिळते. एक शुद्ध तांब्याची आणि दुसरी आतून ॲल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा. दिसायला दोन्ही सारख्या. ॲल्युमिनियमचा विरोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो, ती वाकवली की तुटते आणि सांध्यात तिला लवकर बुरशीसारखा पांढरा थर धरतो. ओळखायची कशी? ब्लेडने तार खरवडून बघा. आत पांढरी चमक दिसली की मुलाम्याची. ३०५ मीटरचे खोके हाताने उचलून बघा, मुलाम्याचे हलके लागते. खोक्यावर कॅट ५ई किंवा कॅट ६ आणि शुद्ध तांबे असे लिहिलेले असावे.

अंतराची मर्यादा १०० मीटर. त्यातही ९० मीटर पक्की केबल आणि बाकीचे दोन्ही टोकांचे छोटे तुकडे असे धरा. काही स्विचवर "एक्स्टेंड" नावाचा खटका असतो. तो टाकला की २५० मीटरपर्यंत चालते असे लिहिलेले असते. चालते, पण माहितीचा वेग दहावर येतो. एका कॅमेऱ्याला तो पुरतो, बाकीच्या कामाला नाही. विहीर दोनशे-चारशे मीटरवर असेल तर ऑप्टिकल फायबर टाकावी आणि तिकडे वेगळी वीज द्यावी, हे उत्तम. फायबर काचेची असल्याने आकाशातली वीज तिच्यातून घरात शिरत नाही, हा आणखी एक फायदा.

शेतातून केबल नेताना पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. उघड्यावरची केबल काळ्या जाड आवरणाची घ्यावी. घरातली करडी केबल उन्हाने दोन-तीन उन्हाळ्यांत तडकते.

२. पाइपातून न्यावी. उसात उंदीर किती असतात ते आपणांस सांगायला नको.

३. मोटरच्या थ्री-फेज केबलबरोबर एकाच पाइपात घालू नये. निदान एक फूट अंतर ठेवावे आणि ओलांडायची वेळ आली तर काटकोनात ओलांडावी.

४. बांधावरून न्यावी, सरीतून नको. रोटाव्हेटर आणि नांगर तिची ओळख ठेवत नाहीत. पाचट जाळू नका हे आम्ही दर अंकात लिहितो. ज्यांनी अजून ऐकले नसेल त्यांनी हे तरी ध्यानात घ्यावे की पाचटाबरोबर केबलही जळते.

५. कॅमेऱ्यापाशी केबल आधी खाली झोळासारखी सोडून मग वर घ्यावी, म्हणजे पावसाचे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकते, कॅमेऱ्यात शिरत नाही.

रंगांची ओळ

जॅक दाबताना आठ रंगांचा क्रम असा ठेवावा. जॅकची पितळी दाते वर आणि खटका खाली धरला की डावीकडून :

पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

दोन्ही टोकांना हाच क्रम. बरेच फिटर म्हणतात, "दोन्हीकडे रंग सारखे जुळले म्हणजे झालं, क्रम कोणता का असेना." हे खरे नाही. पहिली-दुसरी ही एक जोडी आणि तिसरी-सहावी ही दुसरी जोडी, अशी पिळाची मांडणी असते. केशरी, हिरवा, निळा, तपकिरी अशा सरळ जोड्या लावून दिल्या तर तिसरी आणि सहावी तार वेगवेगळ्या पिळांतल्या होतात. दिव्यांच्या टेस्टरवर आठही दिवे बरोबर लागतात, पाच मीटरवर कामही चालते आणि साठ-सत्तर मीटरवर चित्र अडखळायला लागते. मग दोष कॅमेऱ्याला दिला जातो. जॅकपाशी पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उकलू नये आणि बाहेरचे आवरण जॅकच्या आत दाबले गेले पाहिजे.

मांडणीचा क्रम

कामाला सुरुवात करण्यापूर्वी कागदावर नकाशा काढा. कुठे कोणते उपकरण, किती मीटर, किती वॅट. मग असे करा :

१. स्विच हवेशीर, कोरड्या, उंच जागी बसवा. खताच्या पोत्यांजवळ नको. युरियाची दमट हवा धातू खाते. लोखंडी पेटीत ठेवला तर पेटीला जाळी हवी, पण पाली आणि मुंग्या शिरणार नाहीत अशी बारीक.

२. स्विच एकटाच चालू करा. पॉवरचा दिवा लागला का बघा.

३. राउटरची तार वीज न देणाऱ्या पोर्टात लावा.

४. कॅमेरे भिंतीवर चढवण्यापूर्वी टेबलावर, हातभर तारेने, एकेक करून लावा आणि प्रत्येकाला त्याचा पत्ता द्या. इथे घाई करू नये. बरेच कॅमेरे बनवणाऱ्याकडून एकच पत्ता घेऊन येतात. दोन एकदम लावले तर एकाच गट नंबरावर दोन सातबारे निघाल्यासारखी गत होते. कधी हा दिसतो, कधी तो. तळवड्यात राउटरला १९२.१६८.१.१, मुद्रण यंत्राला शेवटचा आकडा २० आणि कॅमेऱ्यांना २१ पासून पुढे असे आकडे दिले आहेत. राउटर आपणहून जे पत्ते वाटतो ते १०० च्या पुढचे ठेवले, म्हणजे टक्कर होत नाही.

५. मग एकेक केबल ओढा, टेस्टरवर तपासा, कॅमेरा चढवा. एक चालू झाला की दुसरा.

६. दोन्ही टोकांना चिठ्ठी बांधा : "पोर्ट ३ — गोदाम मागील." बिघाडाच्या दिवशी ही चिठ्ठी हजार रुपयांची ठरते.

७. सगळे चालू झाल्यावर एक रात्र जाऊ द्या आणि रात्री नऊ वाजता पुन्हा पाहा. दिवसाची चाचणी ही अर्धी चाचणी.

बिघाड कसा शोधावा?

बिघाड म्हणजे लगेच नवीन पेटी, असे करू नका. पीक पिवळे पडले की आपण आधी मूळ बघतो, मग पान, मग माती. इथेही क्रम आहे. पहिला प्रश्न एकच : वीज नाही, की निरोप नाही? स्विचवर प्रत्येक पोर्टाला बहुधा दोन दिवे असतात. एक वीज दाखवतो, दुसरा संपर्क. दुसरा दिवा लुकलुकत असेल तर माहितीची ये-जा चालू आहे.

वीजेचाच दिवा नाही : केबल दुसऱ्या पोर्टात लावून बघा. तिथे लागला तर पहिले पोर्ट गेले. तिथेही नाही लागला तर कॅमेरा खाली उतरवून हातभर तारेने थेट स्विचला लावा. आता चालला तर दोष केबलीत किंवा जॅकमध्ये. तरीही नाही चालला तर दोष कॅमेऱ्यात, किंवा तो त्या स्विचच्या जातीचा नाही. या एका रीतीने बहुतेक भांडणे मिटतात.

वीजेचा दिवा आहे, संपर्काचा नाही : वीज आणि माहिती वेगळ्या जोड्यांतून जात असू शकतात. काही स्विच वीज निळ्या-तपकिरी जोड्यांतून देतात, तर शंभराच्या वेगाची माहिती केशरी-हिरव्यातून जाते. म्हणून एक जोडी तुटली की एक चालते आणि दुसरे बंद. जॅक कापून पुन्हा दाबा. आठ आण्याची वस्तू म्हणतात तशी ती स्वस्त वस्तू आहे, पण निम्मे बिघाड तिच्यात असतात.

दोन्ही दिवे आहेत, चित्र नाही : आता पत्त्याची गडबड. संगणकावरून त्या पत्त्याला हाक मारा, त्याला पिंग म्हणतात. उत्तर आले तर कॅमेरा जिवंत आहे. पासवर्ड किंवा मुद्रण यंत्रातली नोंद चुकली आहे. उत्तर नाही आले तर पत्ता बदलला आहे किंवा टक्कर आहे. स्विचवर "व्हीएलएएन" असा खटका असेल तर तोही बघा. तो टाकलेला असला की पोर्टे एकमेकांशी बोलत नाहीत, फक्त शेवटच्या पोर्टाशी बोलतात. मग मधल्या पोर्टात लावलेल्या संगणकाला कॅमेरा सापडत नाही आणि माणूस तासभर उगाच डोके धरून बसतो.

दिवसा चालतो, रात्री दर पाच-दहा मिनिटांनी बंद-चालू होतो : याची कारणे दोन. एक, वर सांगितलेला एकूण वॅटचा तुटवडा. दुसरे, केबलचा सांधा. ओळखायचे असे : रात्री बाकीची उपकरणे काढून तो एकच कॅमेरा चालू ठेवा. टिकला तर वॅट कमी पडतात. तरीही बंद-चालू झाला तर केबल. नदीकाठच्या एका सभासदाच्या पंपघरावर हेच झाले होते. केबल मुलाम्याची, आणि मध्ये पिळून चिकटपट्टी गुंडाळलेला सांधा. दिवसा चार-पाच वॅट त्या सांध्यातून कसेबसे जात, रात्री दिव्यांसकट नऊ वॅट जाईनात. सांधा कापला, तांब्याची अखंड केबल ओढली, त्याच कॅमेऱ्याने त्याच रात्रीपासून काम सुरू केले. दुकानदार नवीन कॅमेरा घ्यायला सांगत होता, तो खर्च वाचला. केबलीला मध्ये सांधा देऊ नका. द्यावाच लागला तर बंद पेटीत, जॅक व जोडणीच्या डबीने द्या.

सगळेच एकदम बंद, आणि सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकतात : कोणीतरी मोकळ्या तारेची दोन्ही टोके त्याच स्विचमध्ये खोचली आहेत. झाडलोट करताना लोंबणारी तार दिसली की माणूस ती "बरी दिसावी" म्हणून खोचतो. पाटाचे पाणी फिरून पुन्हा त्याच पाटात सोडावे तसा निरोप गोल फिरत राहतो आणि सारे तुंबते. एकेक तार काढत जा. जी काढल्यावर दिवे शांत होतील ती दोषी.

सगळेच बंद आणि दिवा एकही नाही : पेटीला दोष देण्यापूर्वी तिचा अडॅप्टर तपासा. ठोकताळा असा की पेटीपेक्षा अडॅप्टर आधी जातो. दुसरा आणायचा तर व्होल्ट तेवढेच आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त, हे पट्टीवरून जुळवून आणा. ४८ च्या जागी १२ व्होल्टचा चालत नाही.

वळवाची वीज आणि अर्थिंग

एप्रिल-मेचा वळीव आणि परतीचा पाऊस, या दोन वेळी सर्वांत जास्त पेट्या जातात. वीज केबलवरच पडावी लागते असे नाही. जवळपास कुठे पडली तरी लांब केबलीत झटका तयार होतो. म्हणून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक केबलीला दोन्ही टोकांना झटका-रोधक, म्हणजे सर्ज प्रोटेक्टर, लावावा. पण त्याची तार जमिनीत नीट गेलेली नसेल तर तो नुसता शोभेचा. कोळसा-मिठाचा खड्डा करून अर्थिंग घ्या आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालत जा. कोरड्या खड्ड्याचे अर्थिंग काम करत नाही.

लाइट गेल्यावर काय, हाही प्रश्न येतो. पीओईचा मोठा फायदा इथे आहे. सगळ्या उपकरणांना वीज एकाच पेटीतून जात असल्याने एका पेटीला आधार दिला की पुरे. स्विच, राउटर आणि मुद्रण यंत्र मिळून प्रत्यक्षात सत्तर-ऐंशी वॅट घेत असतील, तर संगणकाचा छोटा यूपीएस जेमतेम अर्धा तास धरतो. घरातला १५० अँपिअर-तासाच्या बॅटरीचा इन्व्हर्टर चांगल्या बॅटरीवर जवळजवळ सारी रात्र काढतो. ज्यांच्या शेतीपंपाच्या फीडरवर अजून पाळीने वीज येते त्यांनी पंपघरातल्या कॅमेऱ्यासाठी त्या विजेवर विसंबू नये, सौर पॅनेल व बॅटरी लावावी.

कुलूप लावायला विसरू नका

कॅमेरा बसवला आणि पासवर्ड तोच ठेवला, तर दार लावले आणि किल्ली दाराला ठेवली असे झाले. २०१६ साली जगभरातल्या लाखो कॅमेऱ्यांत व राउटरांत त्यांच्या मूळ पासवर्डनेच शिरून त्यांच्याकरवी अमेरिकेतल्या मोठमोठ्या संकेतस्थळांना बंद पाडण्याचा प्रकार घडला होता. म्हणून पहिल्याच दिवशी पासवर्ड बदला आणि तो भिंतीवर लिहू नका. फिटरला काम झाल्यावर पासवर्ड ठाऊक राहता कामा नये. आपल्या सरकारनेही सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षिततेची तपासणी सक्तीची केली असून ९ एप्रिल २०२५ पासून तो नियम लागू आहे. नवीन कॅमेरा घेताना त्या तपासणीचा दाखला मागावा, तो आपला हक्क आहे.

शेवटी थोडेसे

ज्या स्विचची ही हकिकत सांगितली त्याचेच मोठे भावंड आपल्या शिवेवरच्या आयटी पार्कमध्ये मजल्यामजल्यावर आहेत. आपल्या कित्येक सभासदांची मुले रोज तिथे आणि चाकणच्या कारखान्यांत कामाला जातात. त्यांतली काही हेच काम करतात. त्यांनी रविवारचा एक तास आपल्या विहिरीवर आणि गट कार्यालयात द्यावा, म्हणजे बाहेरच्या माणसाची वाट बघत नोंद खोळंबणार नाही. ज्यांच्या घरी असे कोणी नाही त्यांनी टेस्टर, जॅक दाबण्याची पक्कड आणि वीस जॅक एवढे साहित्य गटात मिळून घ्यावे. मोटर उतरवायला आपण जसे एकमेकांच्या मदतीला जातो, तसेच हेही.

तळवडे गट कार्यालयात स्विचच्या पेटीवर पोर्टांचा नकाशा, प्रत्येकाचे वॅट आणि वरील बिघाडांचा क्रम लिहून चिकटवला आहे. सभासदांनी येऊन पाहावा, उतरवून घ्यावा. कॅमेरा किंवा स्विच घेण्यापूर्वी दुकानदाराने दिलेले अंदाजपत्रक घेऊन आलात तर वॅटची बेरीज आम्ही करून देऊ. माती परीक्षणाशिवाय खत नको, तशी बेरजेशिवाय पेटी नको, एवढेच आमचे सांगणे आहे.

पूर्वहंगामी लागणीच्या नोंदी वेळेत करून घ्याव्यात, ही विनंती.